गीता निघाली बाप्या!

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगल्यात बाळंतपण झालं! छे हो, सुनेचं कुठलं... त्यांच्या सीतेचं. दिवाळीत नातवाच्या हट्टापायी गिनीपिगची जोडी नव्हती का आणली? दुकानदारानं छातीठोक सांगितलेलं, दोन्ही मुलीच आहेत, डोळे झाकून न्या. म्हणून नावं सीता आणि गीता. आणि आता बघा, गीता निघाली बाप्या! सासरे तर तोंड लपवून हिंडतायत. पारख करून त्यांनीच घेतलेली ना.

तर काय सांगत होते... पिल्लं. तीन आहेत. मी आपली डबा परत करायला गेले होते. म्हटलं, उंदरासारखी लाललाल, डोळे मिटलेली असतील, लांबूनच बघू. अहो, कसलं काय! अंगभर केस, डोळे टक्क उघडे, तोंडात दात, आणि आईच्या मागे तुरुतुरु पळतायत. रात्री जन्मलेली, बरं का! दुसऱ्या दिवशी एक पठ्ठ्या कोथिंबिरीची काडी कुरतडत बसलेला. काडी त्याच्यापेक्षा लांब. जनावरांची डॉक्टरीण म्हणाली, यांची सगळी वाढ पोटातच होते, म्हणून तर दोन-सव्वादोन महिने लागतात. उंदरीण तीन आठवड्यांत मोकळी होते.

आता त्यांच्या घरच्या आजींचं ऐका. त्यांनी लगेच पदर खोचला. बाळंतीण म्हटल्यावर त्या काय गप्प बसतायत! डिंकाचा लाडू कुस्करून ठेवला, ओव्याच्या धुरीला शेगडी काढली, पिल्लांच्या अंघोळीला पाणी तापत घातलं. सून म्हणतेय, “आजी, प्लीज, डॉक्टरांना तरी विचारू दे.” डॉक्टरीण आली आणि एकेक करून सगळं बाद. गोड नको, धूर नको, यांची छाती नाजूक. आणि अंघोळ तर मुळीच नको, गारठून जातील. आजींचा चेहरा असा उतरला म्हणता... शेगडी उचलून मुकाट आत गेल्या. मलाच वाईट वाटलं.

पण एका गोष्टीत म्हातारी शंभर टक्के खरी निघाली हं. पहिल्याच रात्री त्या म्हणाल्या होत्या, “त्या नवऱ्याला आधी बाहेर काढा, बाळंतिणीच्या खोलीत त्याचं काय काम?” तर सून हसली. म्हणे, “असू दे हो आजी, फॅमिली आहे, बॉन्डिंग होईल.” झालं ना बॉन्डिंग! डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. गिनीपिगची जात अशी, की बाळंत झाल्यावर काही तासांतच पुन्हा दिवस राहू शकतात. गीतोबांना वेगळ्या खोक्यात हलवलं कधी, तर दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणंबिवणं झाल्यावर. आता कालनिर्णयवर दोन महिन्यांपुढची खूण करून ठेवलीय. सून आजींच्या नजरेला नजर देत नाही, आणि आजी मुद्दाम तिच्यासमोरच कॅलेंडर बघतात.

तरी सीतेचं नशीब थोर. डॉक्टरांनी आधी वयच विचारलं. पहिली वेळ सहा-सात महिन्यांच्या आत झाली नाही, तर कमरेखालची हाडं घट्ट जुळून जातात, मग पिल्लू अडतं आणि ऑपरेशनच करावं लागतं. ही जेमतेम पाच महिन्यांची, म्हणून निभावलं.

बरं, धाकट्या जावईबापूंचा पराक्रम कळला का? एक पिल्लू शिंकलं, तर हे घरातलं लहान मुलांचं अँटिबायोटिकचं औषध घेऊन हजर! थेंबभर दिलं तर काय होतंय, म्हणे. डॉक्टरीण ओरडलीच. पेनिसिलिनच्या जातीचं औषध यांच्या पोटात गेलं तर आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि जनावर हातचं जातं. जावईबापूंनी बाटली खिशात घातली ती घातलीच, नंतर चहालाही थांबले नाहीत.

खायला म्हणाल तर... अहो, यांना आपल्यासारखंच सी जीवनसत्त्व अंगात तयार करता येत नाही. एरवी वजनाच्या किलोमागे रोज दहा मिलिग्रॅम लागतं, गाभण नि अंगावर पाजणारीला तीसपर्यंत. सासऱ्यांनी पाण्याच्या बाटलीत थेंब टाकून ठेवलेले, पण उजेडात त्याचा कस जातो. त्यापेक्षा ढोबळी मिरची नि आवळ्याची फोड बरी. सुकं गवत तर अष्टौप्रहर समोर हवंच. शिवाय गवळ्याकडून लसूणघास आणतात, त्यात चुना भरपूर, सध्या आईला नि पिल्लांना चालतो. गीतोबांना मात्र नाही, मुतखडा होतो म्हणे. बाळंतिणीनं खाणं सोडलं, तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. त्यातून ती लठ्ठ असली तर जास्तच घोर.

आणि ते वजन! सुनेचा केकचा काटा आता तिकडेच. त्यावर स्टीलची वाटी, वाटीत पिल्लू. एकेक शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडं उतरलं तेव्हा घरात नुसती रडारड, मग चढायला लागलं. नातू फ्रिजवरच्या कागदावर रोज आकडे लिहितो, त्याचं गणित सुधारलं तेवढंच. आजी म्हणत होत्या, हात लावू नका, आई टाकेल. तसं काही नसतं हो. हात स्वच्छ हवेत नि उचलणं थोडकं. सीतेला दूध पाजायची जागा दोनच, पिल्लं तीन, त्यामुळे एक सदा ताटकळत. पण कुरकुर न करता पाळी येईपर्यंत गवत चघळतं. आपल्या नळावरच्या बायकांना दाखवायला हवं...

तर मुद्द्याचं राहिलंच. तीन आठवडे झाले की मुलगे आईपासून वेगळे करायचे, नाहीतर ते आईलाच... नको, सोडा, तुम्हाला कळलं. या खेपेला डॉक्टरांनीच उलटंपालटं करून बघितलंय, दुकानदाराचा भरवसा नाही. दोन मुलगे, एक मुलगी. मुलगी आईपाशी राहील. मुलग्यांसाठी घर शोधतायत, पण द्यायचे ते दोघं मिळून. एकटा गिनीपिग कुढतो. त्यांचा थोरला स्वित्झर्लंडला असतो ना, तिथे तर २००८ पासून एकटा पाळायला कायद्यानंच बंदी आहे. त्यानं फोनवर हे सांगितलं मात्र, सासऱ्यांचे डोळे मोठे झाले. “म्हणजे आता तीन पिंजरे?”

मी तुमचं नाव सुचवलंय हो. तुमची मागची पडवी सावलीची आहे, आणि तुमच्या नातीला कधीपासून काहीतरी पाळायचंच आहे. रागावू नका! संध्याकाळी सून येईलच विचारायला. तेवढं पिंजऱ्याच्या गजांमधलं अंतर आधी बघा, लहानपणी फटीतून सहज निसटतात, आणि तुमच्याकडे ती काळी मांजर येते.