बेताचा दर्यावर्दी

वसईतल्या जवळपास प्रत्येक सोसायटीत एक निवृत्त दर्यावर्दी राहतो. निवृत्त तो बँकेतून झालेला असतो. दर्यावर अजून रुजू व्हायचाय. उभा जन्म विरार लोकलला लटकून काढलेला हा गृहस्थ शिडाच्या होडीने वसई ते मालवण जाणार असतो. आधी वेळापत्रक तेवढं पक्कं होऊ द्या.

आमच्या काकांच्या जेवणाच्या टेबलावर काचेखाली सागरी नकाशा आहे. हे नकाशे देहरादूनहून, हिमालयाच्या पायथ्याहून निघतात, हे ते अभिमानाने सांगतात. समुद्राचा अभ्यास लांब बसूनच नीट होतो, असं त्यांचं मत. काच तडकलीय तिथून आमटी झिरपून दाभोळची खाडी पिवळी झालीय; काकू तिच्यावर पोळ्यांचा डबा ठेवतात. बंदरं लोकलच्या थाटात लावलेली: उत्तन, वर्सोवा स्लो, मांडव्याला चहा, मुरूड, बाणकोट, जयगड, तिथून विजयदुर्ग फास्ट.

भरतीचं गणित तोंडपाठ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीतून बाहेर पडायचं ते ओहोटीच्या पाण्यावर, पहाटेच्या मतलई वाऱ्यात. दुपारी वायव्येचा वारा मिळाला की दक्षिणेला सुटायचं. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाण्याची ओढ जबर, म्हणून अष्टमीच्या भांगाला निघावं. यातलं काहीच चूक नाही, हीच पंचाईत. माणूस थोडा अडाणी असता तर केव्हाच निघाला असता.

एकदा पाचूबंदरला जाळं सांधत बसलेल्या नाखवाला त्यांनी हे सगळं समजावलं. नाखवाने मान वर न करता विचारलं, "मग काका, आज कधी निघायचं?" काकांनी कालनिर्णयमधून उतरवलेली तिथी काढली, पाऊणपट केली, ओहोटीसाठी सहा तास धरले, वर मुंबईची जुनी वेळ आणि प्रमाणवेळ यांतली ३९ मिनिटं मिळवली. "अजून वीस मिनिटं आहेत!" नाखवाने होडीकडे बोट केलं. ती चिखलात कुशीवर टेकली होती. काकांनी वहीत नोंद केली: 'पाचूबंदर, वेळेआधी सुटली.'

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून निघता येत नाही. काका मासे धरणार नसतात, पण नियम तो नियम. नारळी पौर्णिमेला दर्याला द्यायचा नारळ निम्मा भातात जातो. मग गणपती, पितृपक्ष, दिवाळी, लग्नसराई. की पुन्हा जून.

बेत मात्र रद्द होत नाही, वाढतो. पहिला अलिबागचा होता. तो राहिला म्हणून मालवणचा आखला. मालवणही राहिलं, तेव्हा सध्या लक्षद्वीपच्या प्रवाहांचा अभ्यास चालू आहे. समोरच्या भाईंदरला रो-रो बोट जाते, तरी काका तिथे रेल्वेनेच जातात. बोटीत म्हणे पोटात ढवळतं.