शिव्या खायलाही नशीब लागतं

रायपूरला मरीन ड्राइव्ह आहे. समुद्र तेवढा नाही. तेलीबांधा तलावाच्या काठाला ते नाव आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळीच तिथे तावातावाने हातवारे करणारी मराठी मंडळी दिसली, तर ती राजकारणावर बोलत आहेत असं समजू नका. अमेरिकेत बास्केटबॉलचे प्लेऑफ सुरू आहेत. तिकडची रात्र म्हणजे इकडची सकाळ. आणि 'आपली' टीम हरते आहे.

आपली म्हणजे लॉस एंजेलिसची लेकर्स. पासपोर्टचा पत्ता नाही, पण टीम आपली.

प्लेऑफची रचनाच मुळी भांडणाला सोयीची. सात सामन्यांची मालिका, चार जिंकेल तो पुढे. क्रिकेटची बाद फेरी हरलो तर दोन दिवसांत तोंड दुखून माणूस गप्प होतो. इथे भांडण दोन आठवडे पुरतं. पहिला सामना हरला की कोच नालायक. दुसरा जिंकला की तोच कोच चाणक्य. तिसरा हरला की रेफ्री विकला गेलेला. चौथा हरला की थेट मालकच बदला.

चाहता मात्र कुणी बदलत नाही.

०-३ ने मागे पडलेल्या एकाही संघाने आजवर मालिका जिंकलेली नाही. दीडशेहून अधिक संघ त्या खड्ड्यात पडले आणि तिथेच राहिले. २०२३ मध्ये बोस्टन ३-३ पर्यंत वर आलं आणि सातवा सामना घरच्या मैदानावर हरलं. तरी ०-३ झालं की कुणीतरी चहाचा घोट घेत म्हणतोच, "काही नाही भाऊ, होऊन जाते."

मग बाकावर पारले-जीची पाच बिस्किटं मांडून बचाव कसा हवा होता ते समजावलं जातं. सहावं बिस्किट रेफ्री. व्याख्यान संपेपर्यंत दोन बचावपटू चहात बुडालेले असतात.

२०२५ ची गोष्ट घ्या. फेब्रुवारीत लेकर्सनी लुका डोंचिच आणला. काठावर पेढे वाटायचेच बाकी होते. बदल्यात गेला उंचापुरा अँथनी डेव्हिस. मग बास्केटखाली उभं कोण राहणार? म्हणून दुसरा उंच खेळाडू ठरवला. साखरपुडा झाला, आणि वैद्यकीय तपासणीचा कागद पाहून सोयरीक मोडली.

प्लेऑफमध्ये समोर आलं मिनेसोटा. लेकर्सचं मानांकन तिसरं, मिनेसोटाचं सहावं. चौथ्या सामन्यात कोच जे. जे. रेडिकने दुसऱ्या हाफची चोवीसच्या चोवीस मिनिटं तेच पाच जण पळवले. एकही बदली नाही. ११६-११३ असे हरले. "बाकीचे काय फोटोसाठी बसवून ठेवले होते? काय करून राहिला होता तो?"

प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्या साहेबांच्या ऑफिसात वर्षानुवर्षं एकच बाबू सगळ्यांची कामं उपसतो, ते सोडा.

पाचव्या सामन्याला आपल्याकडे १ मे उजाडला होता. महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा पुढे ढकलता ढकलता मंडळींनी पाहिलं, की मिनेसोटाने तीन गुणांसाठी ४७ वेळा बॉल मारला आणि तो आत गेला सात वेळा. सात! तरी जिंकले. कारण सात फुटांहून उंच रूडी गोबेर बास्केटखाली ठाण मांडून होता. २७ गुण, २४ रिबाउंड. मालिका ४-१, खेळ खलास.

निदान एकमुखाने झालं: "उंच माणूस नव्हता ना!"

आता कुणी म्हणेल, परक्यांसाठी कशाला रडता, आपल्या माणसाची टीम धरा. आहे की! सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे. जन्म मुंबईचा, आडनाव अस्सल मराठी. हा संघ सलग १६ मोसम प्लेऑफला शिवला नाही, लीगमधला विक्रमच तो. रणदिव्यांनी संघ २०१३ मध्ये घेतला. म्हणजे पहिली सात वर्षं वारशाची, उरलेली नऊ स्वकष्टार्जित. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडताना, दुसरी निवड हातात असताना त्यांच्या संघाने ज्याला सोडलं, त्याचं नाव लुका डोंचिच. २०२३ मध्ये अखेर प्लेऑफ गाठले, तर पहिल्याच फेरीच्या सातव्या सामन्यात समोरच्या स्टेफ करीने ५० गुण ठोकून घरी बसवलं.

तेलीबांध्याला सॅक्रामेंटोचा चाहता शोधून दाखवा. आपला माणूस जिंकला तरच आपला, हरला की अमेरिकन.

बरं, त्या उंच माणसाचं काय झालं?

रायपूरहून तीसेक किलोमीटरवर भिलाई. पोलाद कारखान्याच्या त्या गावात दिवंगत प्रशिक्षक राजेश पटेल यांनी मुलींचं बास्केटबॉल उभं केलं. सीमा सिंग, अंजू लाक्रा यांच्यासारख्या मुली छत्तीसगडातून भारताच्या संघात गेल्या. कानपूरची पूनम चतुर्वेदी इथेच घडली आणि देशाकडून खेळली. उंची सहा फूट अकरा इंच.

गोबेरची उंची तोंडपाठ, पूनमचं नावही ठाऊक नाही.

भांडायला मुद्दे नाहीत म्हणता? राज्याने मुलगी घडवायची. ती तयार झाली की रेल्वे नोकरी देणार. मुलीने ती का घेऊ नये? पोट सगळ्यांनाच आहे. मग राष्ट्रीय स्पर्धेत तीच मुलगी रेल्वेच्या जर्सीत आपल्याच राज्यासमोर उभी. रेडिकच्या चोवीस मिनिटांवर आठवडा काढणाऱ्यांना यावर वर्ष काढता आलं असतं. कुणी चोवीस सेकंद तरी काढले?

आपल्याकडे लीग टिकत नाही, हे खरं. २०१५ मध्ये यूबीए नावाची एक लीग निघाली होती. तीत पुणे पेशवे नावाचा संघही होता. २०१७ नंतर ती बंद. मूळ पेशवाई शंभर वर्षं टिकली होती, हिची तीनही पुरी झाली नाहीत. आणि मुलींचे संघ तर तीत नव्हतेच.

"पण मुलींचे सामने टीव्हीवर दाखवतात कुठे?" अहो, दहा-बारा तास मागे असलेल्या शहरातला सामना तुम्ही मोबाइलवर शोधून काढता. भिलाईला लोकल जाते. घड्याळही तेच चालतं.

शाल, श्रीफळ, सत्कार हे सगळं या मुलींना अधूनमधून मिळतं. मंत्री येतात, फोटो निघतो. मिळत नाही ती शिवी. कारण शिवीसाठी आधी सामना पाहावा लागतो, नाव लक्षात ठेवावं लागतं, हरल्यावर जेवण कडू व्हावं लागतं. सत्काराला यातलं काहीच लागत नाही.

तेव्हा कौतुक राहू द्या. भिलाईच्या एखाद्या मुलीने मोक्याच्या क्षणी फ्री थ्रो चुकवला, म्हणून रायपुरात दोन मराठी माणसं एकमेकांशी आठवडाभर बोलली नाहीत, एवढं कानावर येऊ द्या.

सत्कार आपोआप होतील.