रिसीव्हरांची कुंडली

अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. त्याआधी महिनाभर पास झेलणाऱ्या वाइड रिसीव्हरांच्या कुंडल्या मांडण्याचा हंगाम असतो. कॅन्सस सिटी चीफ्सने २०२२ मध्ये टायरीक हिल हा विलक्षण वेगवान गडी मायामीला देऊन पाच ड्राफ्ट-निवडी घेतल्या, तेव्हा जाणकारांनी गळाच काढला. त्या हंगामात क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सने लीगमध्ये सर्वाधिक, ५,२५० यार्डांचे पास दिले आणि संघाने सुपर बोल जिंकला. यावर उत्तर तयारच असते: श्रेय माहोम्सचे आणि टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सीचे. कबूल, मग कुंडली त्यांची सोडून रिसीव्हरांची का मांडता? २०२३ मध्ये तर रिसीव्हर कमी पडतील हे भाकीत खरेही ठरले. सलामीलाच डेट्रॉइटविरुद्ध रिसीव्हर कडारियस टोनीच्या हातून चेंडू निसटले, त्यातला एक थेट प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडून टचडाउन झाला आणि सामना २१-२० असा गेला. पुढेही झेल सुटत राहिले. करंडक मात्र पुन्हा कॅन्सस सिटीतच! रिसीव्हर निरुपयोगी असतात, असे कोण म्हणतो? हिल असताना बचावफळ्या धास्तावत, हे खरेच. पण त्याच्या बदल्यात मिळालेली एक निवड पुढे सरकवून संघाने ट्रेंट मॅकडफी घेतला, आणि त्याचे काम झेल घेण्याचे नाही, दुसऱ्याला घेऊ न देण्याचे आहे.