या, काठावर जागा आहे!

प्रति,
श्री. व सौ. भावी शेजारी,
(फ्लॅट अजून ठरलेला नाही, परंतु बाराव्या मजल्यावर जीव जडल्याचे समजते)

विषय : सिंहगड रस्त्याच्या नदीकडील बाजूस आपण घर घेण्याबाबत.
संदर्भ : गेल्या रविवारी आपण साइट ऑफिसात घेतलेली कॉफी.

स. न. वि. वि.

आपण मला ओळखत नाही. तुमच्या टॉवरला लागून एक पिवळट, पाच मजली इमारत आहे. ब्रोशरमधल्या चित्रात तिच्या जागी गुलमोहर दाखवलाय. त्या गुलमोहरात मी पहिल्या मजल्यावर राहतो. आमच्या बाल्कनीतून साइट ऑफिसचं दार समोर दिसतं. रविवारी कोण हसत बाहेर येतं, कोण गाडीत बसून काचा वर करून भांडतं, हे बघण्यात माझी सकाळ बरी जाते. तुम्ही दोघं हसत बाहेर आलात, म्हणून पत्र लिहायला घेतलं. सोबतच्या आजी गाडीतून उतरल्याच नाहीत, तेही पाहिलं. त्याविषयी पुढे लिहितो.

आधी एक गैरसमज नको. तुम्हाला घाबरवायचा माझा मुळीच हेतू नाही. तुम्ही यावं अशीच माझी इच्छा आहे आणि त्यात माझा स्वार्थ आहे. तोही सांगतो, घाई नको.

तुम्ही ज्या काचेच्या पेटीपाशी वाकून उभे होता ते मॉडेल मीही पाहून आलोय. (तिथे एसी आहे, आणि माणूस म्हातारा असला की कॉफीसाठी फोन नंबर मागत नाहीत.) टॉवर छान केलाय. खिडक्यांतून दिवे लागतात. स्पंजची झाडं, नखाएवढी माणसं, एक नखाएवढा कुत्रा. पुढ्यात निळ्या ॲक्रिलिकची मुठा आणि तिच्यात दोन पांढरे हंस. मी त्या मुलाला विचारलं, "हे हंस पझेशनच्या वेळी मिळणार का?" तो म्हणाला, "सर, दॅट इज आर्टिस्टिक इम्प्रेशन." बरोबर आहे. पाणी कुठून कुठे वाहतं ते दाखवणारा बाणही त्यांनी आर्टिस्टिकच काढलाय, खडकवासल्याच्या दिशेनं. एवढी नदी जर धरणाकडे वाहायला लागली तर आपले सगळेच प्रश्न मिटतील.

आता पैशांचं. नदी दिसते म्हणून चौरस फुटामागे जादा दर, वरचा मजला म्हणून आणखी जादा. होईल त्या रकमेवर 7 टक्के मुद्रांक शुल्क, घर एकट्या वहिनींच्या नावावर घेतलंत तर 6. नोंदणीचे 30 हजार. बांधकाम चालू असताना घेताय म्हणून 5 टक्के जीएसटी. म्हणजे नदी नुसती बघण्याच्या पैशांवरही कर लागला. नदी सरकारची, दृश्य बिल्डरचं, कर पुन्हा सरकारचा आणि हप्ता तुमचा. यात एकच गोष्ट मोफत आहे, ती म्हणजे नदीनं स्वतः भेटायला येणं.

येते ती वर्षातून थोडेच दिवस. बाकीच्या काळात ती जे दिसते त्याला पाणी म्हणायला मोठं मन लागतं. उन्हाळ्यात धरणातून नदीत काही सोडत नाहीत. तेव्हा पात्रात जे वाहतं ते आपण सर्वांनी सकाळी उठून केलेलं योगदान असतं. त्यावर जलपर्णी माजते. बाराव्या मजल्यावरून ती हिरवळच वाटेल, पाहुण्यांना लॉन म्हणून खुशाल दाखवा. संध्याकाळी स्लायडिंग लावून घ्यायला विसरू नका. 2024च्या फेब्रुवारीत तिकडे खाली केशवनगर-खराडीला नदीवर डासांचे उंचच्या उंच खांब उठले होते, व्हिडिओ देशभर फिरले. तिथल्याही ब्रोशरात हंसच असावेत.

आणि मग पावसाळा. हा भाग तुमच्या सेल्समननं ओझरता सांगितला असणार, म्हणून जरा थांबून सांगतो.

आपल्या डोक्यावर चार धरणं आहेत. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि सगळ्यात खाली खडकवासला. चारी मिळून 29 टीएमसी पाणी मावतं, पण त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन टीएमसीचा. वरची तिन्ही भरत आली आणि पाऊस थांबला नाही की सगळ्यांचं पाणी या छोट्या भांड्यात येतं आणि तिथून मुठेत. त्याला विसर्ग म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या भागात 'जेवलात का' च्या आधी 'किती सोडलंय' हे विचारतात. उत्तर क्युसेकमध्ये असतं. इतके हजार म्हटलं की भिडे पूल पाण्याखाली गेला, तितके म्हटलं की गाड्या काढा, हा हिशेब शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. 25 जुलै 2024 ला तो आकडा 35 हजारांवर गेला. 35 हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण दहा लाख लिटर. मे महिन्यात आपली सोसायटी दहा हजार लिटरच्या एका टँकरसाठी ज्याच्या विनवण्या करते, तसे शंभर टँकर. दर सेकंदाला. न मागता.

त्या पहाटे आपल्या सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. आधी सूचना आली की आधी पाणी, यावर वाद अजून चालू आहे. बोटी घेऊन लष्कराचे जवान आले. लोकांनी टीव्हीवर पाहिलं, तुम्हीही पाहिलं असेल. दहा दिवसांनी, 4 ऑगस्टला, पुन्हा तेच. टीव्हीवर जे दिसत नाही ते तुम्हाला सांगतो. पाणी ओसरतं तेव्हा गाळ राहतो, आणि तो गाळ मातीचा नसतो. लिफ्टच्या खड्ड्यात तो साठतो, जमिनीखालच्या पिण्याच्या टाकीत शिरतो, मीटरच्या पेटीत बसतो. टाकी उपसून, घासून, ब्लीचिंग टाकून झाल्यावरही पहिले काही दिवस चहाला एक वास येतो. गाड्यांच्या इंजिनात पाणी गेलेलं असतं. विम्याचा माणूस येऊन विचारतो, "इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घेतलं होतं का?" त्यावर आपल्याकडे काय उत्तर असतं ते त्याला आधीच माहीत असतं. आमच्या पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती. सोसायटीनं तीनदा रंग दिला. पाऊस लागला की ओलीबरोबर ती पुन्हा दिसू लागते. शेवटी सेक्रेटरींनी तिथे 'वाहने आपल्या जबाबदारीवर लावावीत' अशी पाटी ठोकून रेघ झाकली. पुण्यात पाटीनं न सुटलेला प्रश्न अजून निघायचाय.

त्याच पहाटे डेक्कनला, पुलाच्या वाडीत, खाण्याची हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघं तरुण गेले. त्यांनी नदी दिसते म्हणून जादा दर दिलेला नव्हता.

आता रेषांचं बोलू, कारण त्या मॉडेलमध्ये नाहीत. नदीला दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचेल ती. लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. निळीच्या आत बांधायचं नाही. दोन्हींच्या मधे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा निदान 45 सेंटिमीटर वर हवं. नियम चांगला आहे. जोतं वर घेतात आणि गाड्या ठेवायला तळघर खाली खणतात.

'25 वर्षांतून एकदा' ऐकलं की माणूस मनात म्हणतो, आत्ताच येऊन गेलाय, आता निवांत. नदी असं कॅलेंडर ठेवत नाही. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की दरवर्षी शक्यता शंभरात चार. यंदा आला तरी पुढच्या वर्षी पुन्हा चार. तुमचं कर्ज 20 वर्षांचं धरलं तर हप्ते फिटेपर्यंत पाणी निळ्या रेषेला निदान एकदा शिवण्याची शक्यता होते 56 टक्के. लालसाठी 18. बँकेनं तुमच्याकडून तीन वर्षांची रिटर्न, पगाराच्या स्लिपा आणि सिबिल स्कोअर मागितला असेल. हे 56 त्यांनी कुठे लिहून घेतलंय का, ते बघा. तुम्हीही किचन ट्रॉलीचा ब्रँड विचारलात, जिममध्ये ट्रेडमिल किती विचारलंत. रेषेचा नकाशा मागितलात का? मागून बघा. "सर, सगळं रेरा ॲप्रूव्ह्ड आहे," म्हणेल. रेरानं प्रकल्पाची नोंद केली आहे हो, नदीची नाही.

आणि नकाशा मिळालाच तर तो कुठल्या सालचा, हे विचारा. पुण्यात पूररेषा कुठून जाते यावर तंटा उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. नदी तिथेच आहे, रेषा मात्र कागदावर जरा फिरतीवर असतात. शिवाय रात्री ट्रक येतात. तुमच्या बेडरूममधून ऐकू येतील. जुने वाडे पाडल्याचा, रस्ते खणल्याचा राडारोडा काठावर ओततात, वर माती पसरतात, दोन पावसाळ्यांत गवत उगवतं आणि तिथे पात्र होतं यावर कोणाचा विश्वास बसत नाही. भराव पडला तेवढं पाणी समोरच्या किंवा शेजारच्या अंगाला सरकतं. हल्ली ते आमच्या अंगाला सरकतं. तुमचा टॉवर झाला की सगळ्यांना थोडं थोडं वाटून घेता येईल.

आता आजींचं. त्या सत्तरीच्या पुढच्या आणि शनिवार-नारायण पेठेतल्या असल्या तर त्या का उतरल्या नाहीत ते मला कळतं. 12 जुलै 1961 ला बांधकाम चालू असलेलं पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्यालाही भगदाड पडलं, आणि त्याच दिवशी लकडी पूल पाण्याखाली गेला. पेठांतली घरं मातीची. उभ्या भिंती विरघळल्या. लहान मुलींनी ते पाहिलंय. त्यानंतर किती पूरग्रस्त कुटुंबं नदीकडे पाठ करून सहकारनगरला, लोकमान्यनगरला, गोखलेनगरला गेली. बस कमी, पाणी कमी, पण जमीन उंच. तिथे राहून मुलांना शिकवलं, मुलांनी नातवंडांना आयटीत घातलं, आणि नातवंडं आता वीस वर्षांचं कर्ज काढून परत काठावर येताहेत. कुटुंबाची अशी परिक्रमा पूर्ण होत असताना आजींनी गाडीत बसून राहणं मला फारच असहकाराचं वाटलं. त्यांना कॉफी तरी नेऊन द्यायची होती.

तर माझा स्वार्थ. आमची इमारत जुनी, घरं मोजून वीस. पाणी आलं की आम्ही ओरडतो, पण वीस घरांचा आवाज तो केवढा! तुमच्या टॉवरमध्ये दोनशे बिऱ्हाडं येतील. त्यांत वकील असतील, पत्रकार असतील, कोणाचा मेव्हणा मंत्रालयात असेल. मग भिंत बांधा अशी मागणी होईल, मोर्चा निघेल, निवडणुकीला 'पूरमुक्त प्रभाग' असा फ्लेक्स लागेल. आपल्याकडे पाणी अडवून रेषा मागे जात नसते, माणसं वाढवून जाते. निळ्या रेषेला पन्नास माणसं खेटली की अतिक्रमण होतं, पाच हजार खेटली की जनभावना. तेव्हा कृपा करून या. एकटे येऊ नका, ऑफिसातल्या चार जणांना घेऊन या. रेफरलचे पैसेही देतात म्हणे.

तोवर नदी सुधारणार आहेच. 44 किलोमीटरचा प्रकल्प आहे, काठ बांधून काढायचे, वर चालायचे रस्ते, बाकं, कट्टे. बंडगार्डनकडचा तुकडा बघून आलो. फरशी सुंदर आहे. मी तिथे काम बघणाऱ्या एकाला विचारलं, दोन्हीकडून काठ आत घेतले तर पाणी वर चढणार नाही का? तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही फक्त वॉकला या." जाईन म्हणतो. कोरड्या दिवसांत.

तुमच्या टॉवरचं भूमिपूजन झालं त्या दिवशी गुरुजींनी कलशातल्या पाण्यात गंगा-यमुनेसह सात नद्यांना बोलावलं होतं. मुठेचं नाव त्यांत नव्हतं. तिला वेगळं बोलवावं लागत नाही.

टोकन देऊन झालं असेल तर अभिनंदन. नसेल तर देण्याआधी जुलैअखेर एकदा या, रविवार सोडून, विसर्ग चालू असताना. साइट ऑफिस तेव्हा बंद असेल, पण आमच्याकडे चहा होईल. बाटलीच्या पाण्याचा करू.

आपला नम्र,
गुलमोहर, पहिला मजला

ता. क. : पार्किंग तळघरात देतील आणि 'कव्हर्ड' म्हणून वर पैसेही घेतील. पोडियमवरचं मागा. नाही म्हणाले तर दीड लाख जास्त द्या, पण पोडियमच घ्या. आणि आमचा हा फ्लॅट विकायचा आहे. दोन बेडरूम, पूर्वाभिमुख, बाल्कनीतून नदी. ओळखीत कोणी असेल तर सांगा. डिसेंबर ते मे दरम्यान दाखवता येईल.