पहिल्याच रिंगला फोन उचलणारी माणसं

कुठल्याही बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावून पाहा. मराठीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी पाच दाबा, मग आपला कॉल आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे असं सांगत एक बाई संतूर लावून देते आणि निघून जाते. वीज मंडळ, गॅस एजन्सी, विमा कंपनी, सगळीकडे तेच संतूर. या देशात पहिल्याच रिंगला फोन उचलणारं, 'सर' म्हणणारं आणि रविवारीही उघडं असणारं एकच खातं उरलं आहे. ते म्हणजे संगणकाच्या पडद्यावर लाल अक्षरांत झळकणारं 'व्हायरस निवारण केंद्र'.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी या सेवेचे जुने लाभार्थी. पंचांगाची पीडीएफ शोधायला गेले आणि अख्खा पडदा लाल झाला. सायरन वाजू लागला. एक बाई इंग्रजीत धमकावू लागली की तुमच्या संगणकात ट्रोजन शिरला आहे, बँकेचे तपशील चोरीला जात आहेत, संगणक बंद केलात तर सगळा डेटा जाईल. खाली मायक्रोसॉफ्टचं बोधचिन्ह आणि एक टोल-फ्री नंबर. सेक्रेटरींनी फोन लावला. समोरच्याने आधी त्यांना पाणी प्यायला सांगितलं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत त्यांच्याशी इतक्या मायेने कुणी बोलल्याचं आम्हाला आठवत नाही.

आता त्या लाल पडद्याची लायकी काय, तर ते ब्राउझरमधलं एक पान. ते तुमचा संगणक तपासू शकत नाही. मोबाइलवर हेच पान उघडलं तर 'तुमचं विंडोज धोक्यात आहे' असं सांगतं, आणि मोबाइलमध्ये विंडोज नाही हे माहीत असलेली माणसंही घाबरतात. मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगून ठेवलं आहे की त्यांच्या कुठल्याही इशाऱ्यात फोन नंबर नसतो. खरं तर सांगायचीही गरज नव्हती. एवढी मोठी कंपनी आपला नंबर आपण होऊन देईल, ही कल्पनाच गिऱ्हाइकाला संशयास्पद वाटायला हवी होती.

पान पूर्ण पडदा व्यापतं आणि बंद करायची फुली लपवतं, म्हणून वाटतं की संगणक अडकला. एस्केप बटण थोडा वेळ दाबून धरा. नाही जमलं तर ऑल्ट आणि एफ-फोर. तरीही हटलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझरला 'एंड टास्क' म्हणा. पुन्हा उघडल्यावर 'मागची पानं परत आणू का?' असं तो विचारेल. नको म्हणा. संपलं. एवढं साधं आहे, म्हणून कुणाला पटत नाही.

सेक्रेटरींना मात्र पुढची सेवा मिळाली. पलीकडच्या गृहस्थाने एनीडेस्क नावाचं अॅप उतरवून घ्यायला लावलं, संगणकाचा ताबा घेतला आणि विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवला. त्यात पिवळे त्रिकोण आणि लाल खुणा ओळीने उभ्या. ठणठणीत संगणकातही त्या अशाच असतात, कारण ती बारीकसारीक घडामोडींची नोंदवही आहे. पण तपासणीत काहीच निघालं नाही, असं सांगणाऱ्यावर आपला कधी विश्वास बसला आहे? सेक्रेटरींनी तीन वर्षांचं 'संरक्षण' विकत घेतलं.

फोनवरून घाबरवण्याचा हा धंदा परदेशी आहे असं समजून कुणी निर्धास्त होऊ नये. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचं भासवून तिकडच्या लोकांना अटकेची धमकी दिली जात होती आणि गिफ्ट कार्डांवर दंड वसूल होत होता. पोलीस पोचले तेव्हा शेकडो तरुण-तरुणी कामावर हजर होत्या. अशी हजेरी खऱ्या करखात्यातही दिसत नसावी.

दुसरा प्रकार कमी नाट्यमय, पण जास्त चिवट. एखादी साइट म्हणते, तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी 'अलाउ' दाबा. आपण माणूस असल्याचा पुरावा मागणारं फारसं कुणी भेटत नाही, त्यामुळे आपण उत्साहाने दाबतो. मग पडद्याच्या कोपऱ्यातून रोज सूचना येतात: पाच व्हायरस सापडले, अँटीव्हायरसची मुदत संपली. हा व्हायरस नव्हेच, आपणच दिलेली परवानगी आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', तिथे 'साइट सेटिंग्ज', तिथे 'नोटिफिकेशन्स'. अनोळखी नावं दिसतील ती काढून टाका. संगणक फॉरमॅट करायला निघालेल्या भाच्याला आधी एवढं करायला सांगा.

तिसरा प्रकार फुकट सॉफ्टवेअरचा. बोलावलं एका पाहुण्याला आणि उतरलं अख्खं बिऱ्हाड. 'नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट' दाबताना शोधपट्टी बदलते, होमपेज बदलतं, दर पानावर जाहिराती उगवतात. 2017 मध्ये अशाच एका 'फायरबॉल'ने जगभरात 25 कोटी संगणक ग्रासल्याचं चेक पॉइंट कंपनीने जाहीर केलं. मायक्रोसॉफ्ट म्हणालं, आकडा फुगलेला असावा. घाबरवण्याच्या बाबतीत व्हायरस पकडणारेही फार मागे नाहीत, एवढं यातून कळलं. असं बिऱ्हाड हलवायचं तर अॅप्सची यादी तारखेप्रमाणे लावून नुकतंच काय घुसलं ते पाहा आणि काढा, ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन्स काढा, सेटिंग्ज रीसेट करा. मग विंडोज सिक्युरिटीचं ऑफलाइन स्कॅन चालवा. ते विंडोजसोबतच येतं, वेगळे पैसे पडत नाहीत. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनंही फुकट मिळतात, आणि फुकट असल्यामुळेच ती घ्यायला कुणी जात नाही.

मोबाइलवर तर आता लग्नपत्रिका येते. किंवा आरटीओचं चलन. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके लिहिलेलं असतं, म्हणजे ती पत्रिका नसून अॅप आहे. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि तुमच्याआधी ओटीपी वाचतं. ज्यांचं लग्न आहे त्यांना आपण ओळखत नाही, एवढ्या एका गोष्टीवरून तरी थांबावं. पण जेवणाचा बेत काय आहे हे पाहण्याचा मोह आपल्याला आवरत नाही.

सेक्रेटरींनी आपली हकीकत कुणाला सांगितली नव्हती. 'संरक्षणा'चं नूतनीकरण सोसायटीच्या खर्चात दाखवल्यावर ती बाहेर आली. चोराला हीच लाज सगळ्यात उपयोगी पडते. तेव्हा तुम्हीही संगणकाचा ताबा दिला असेल तर आधी इंटरनेट तोडा, ताबा देणारं ते अॅप काढा, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच. मुलगा ऑफिसातून आल्यावर विचारू म्हणून थांबू नका.