प्रौढांसाठी हिवाळी बंदोबस्त

सालाबादप्रमाणे यंदाही मार्गशीर्षाच्या प्रारंभी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या प्रवेशद्वारावर, प्रौढ नागरिकांच्या बौद्धिक अभ्युदयार्थ योजिलेल्या हिवाळी उपक्रमांचा जाहीरनामा झळकला असून, त्यावरून दृष्टी फिरविली असता, डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत गावातील एकाही प्रौढ इसमास सायंकाळी स्वतःच्या घरी बसण्यास सवड मिळू नये, अशी चोख तजवीज कार्यकारी मंडळाने केल्याचे निदर्शनास येते. सोमवारी वाचक मंडळ, मंगळवारी काव्यकट्टा, बुधवारी ज्येष्ठांसाठी मोबाईल साक्षरता, गुरुवारी अभिवाचन, शुक्रवारी पुस्तकभिशी, शनिवारी हास्यक्लब आणि रविवारी व्याख्यान. पुस्तक वाचण्यास कोणता वार राखून ठेवला आहे, याचा उलगडा जाहीरनाम्यावरून होत नाही. चौकशी करता चिटणीसांनी सांगितले, की वाचन हे ज्याने त्याने आपापल्या सोयीने करावयाचे असते आणि त्याची हजेरी घेता येत नाही, सबब तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्यात आलेला नाही.

हजेरीचे हे माहात्म्य वरवर पाहणारास हास्यास्पद वाटेल. परंतु त्यामागे कायद्याची पूर्वपीठिका आहे. मद्रास इलाख्याने 1948 साली ग्रंथालयांचा कायदा केला तेव्हा घरपट्टीवर ग्रंथालय-कराची आकारणी बसवून, जो पुस्तक उघडतो त्याच्याइतकाच जो कधीही उघडत नाही त्याच्याही खिशात हात घालण्याची सोय करून ठेविली. महाराष्ट्राच्या 1967 सालच्या कायद्यात अशा कराचे कलम नसल्यामुळे येथील ग्रंथालयांचा योगक्षेम वर्गणी, देणग्या आणि सरकारी अनुदान यांवर चालतो. अनुदान म्हटले, की अ, ब, क, ड असे वर्ग आले. वर्ग आले, की तपासणी आली. तपासणी आली, की दप्तर आले. आणि दप्तर हे असे दैवत आहे, की त्याला केवळ भाव चालत नाही, नैवेद्यच लागतो. त्यातून 2012 साली सरकारने महसूल खात्याकरवी राज्यातील ग्रंथालयांची पडताळणी करविली, तेव्हापासून आमच्या मंडळाने अशी धास्ती घेतली आहे, की चार माणसे एकत्र बसून पुस्तकाविषयी बोलताना आढळल्यास प्रथम त्यांचे छायाचित्र घ्यावे व नंतरच त्यांना पुढे बोलू द्यावे, असा तोंडी हुकूम ग्रंथपालांना देऊन ठेवला आहे. ग्रंथपाल हुकूम निमूटपणे पाळतात. त्यांचे मासिक वेतन व्याख्यात्याच्या एका रात्रीच्या मानधनाहून अधिक आहे किंवा कसे, याची रुजुवात पाहण्याचे धाडस आम्ही केलेले नाही.

व्याख्यानमाला हा या संपूर्ण इतमामाचा मुकुटमणी होय. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात व्याख्यानमाला सुरू केली ती वसंतात. त्या ऋतूत घराच्या भिंती दिवसभर तापलेल्या असतात, माणूस सायंकाळी वाऱ्याच्या आशेने बाहेर पडलेलाच असतो, आणि बाहेर पडलेल्या माणसाच्या कानावर चार विचार घालणे फारसे अवघड नसते. आमच्या मंडळाला ही युक्ती भ्याडपणाची वाटली असावी. त्यांनी आपली माला पौषात योजिली, वेळ रात्री आठची ठेविली आणि स्थळ म्हणून ज्याच्या खिडक्या उत्तरेकडे उघडतात, किंबहुना मिटतच नाहीत, अशा सभागृहाची निवड केली. श्रोत्यांत अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, कोषाध्यक्ष, पाहुण्यांची ओळख करून देणारे, आभार मानणारे, व्याख्यात्यास बसस्थानकावरून आणणारे व त्यांना परत पोहोचविणारे एवढी मंडळी नियमाने हजर असतात. ध्वनिक्षेपकाचा मालक आपली सामग्री सोडून जाऊ शकत नाही म्हणून तोही शेवटपर्यंत बसतो. प्रास्ताविकात चिटणीस दरवर्षी रत्नागिरीस 1828 साली, नाशकास 1840 साली आणि पुण्यास 1848 साली वाचनालये स्थापन झाल्याचे सांगतात, आणि हे सन आता ध्वनिक्षेपकाच्या मालकालाही इतके तोंडपाठ झाले आहेत, की गेल्या खेपेस चिटणीस नाशिकच्या सनाशी अडखळताच त्याने मागून तो त्यांना पुरविला. त्यानंतर सत्कार होतो. थंडीने काकडलेल्या समस्त श्रोत्यांच्या समक्ष, ज्यांनी आधीच लोकरी कोट परिधान केलेला आहे अशा एकमेव गृहस्थांच्या खांद्यावर शाल घालण्याची आपली ही प्रथा ज्या कोणी सुरू केली असेल त्याला दयेचे वावडे असले पाहिजे. व्याख्यान चालू असता अनेकांची नजर वक्त्यावर खिळलेली असते असे वृत्तपत्रांतून छापून येते, ते अक्षरशः खरे आहे. ती शालीवर खिळलेली असते.

वाचक मंडळाविषयी फारसे लिहिण्याजोगे नाही. तेथे दर सोमवारी एका कादंबरीची चर्चा होते. वाचनालयात त्या कादंबरीची प्रत एकच असल्यामुळे ती एकाच सभासदाने वाचलेली असते, आणि तो गृहस्थ वारंवार मूळ कथानकाचा दाखला देऊन इतरांच्या विवेचनात व्यत्यय आणतो, अशी त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार आहे. पुस्तकभिशीचा व्यवहार त्याहून प्रामाणिक. प्रत्येकाने महिन्याकाठी ठरावीक रक्कम जमा करावयाची, चिठ्ठी निघेल त्याने त्या रकमेची पुस्तके घ्यावयाची, असा तिचा नियम असून, ज्या महिलामंडळाकडे ती सोपविली आहे त्या मंडळात हिशेबाचा एक पैसाही इकडचा तिकडे होत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवास वाण म्हणून पुस्तक लुटण्याची कल्पनाही त्यांचीच. कल्पना निःसंशय स्तुत्य होती. परंतु ती मंडळाच्या कानी जाताच अध्यक्षांच्या स्वरचित काव्यसंग्रहाच्या ज्या प्रती गोदामात कित्येक वर्षे वाळवीशी झुंज देत होत्या, त्या एका हातगाडीवरून सभागृहात आल्या, आणि तिळगुळाबरोबर गावातील झाडून सर्व सुवासिनींच्या पदरात पडल्या. वाण परत करता येत नाही, हा शास्त्रार्थ अध्यक्षांना ठाऊक होता.

मोबाईल साक्षरतेचा वर्ग पूर्णतः यशस्वी झाला, हे मान्य केले पाहिजे. ज्या वृद्धांना पूर्वी आपले मत सांगण्यासाठी पारापर्यंत चालत जावे लागे, ते आता पहाटे पाचला उठून सबंध गावास सुविचार धाडतात. त्यांतील बहुतेक सुविचार वाचनाचे महत्त्व सांगणारे असतात.

आता ज्याला खरोखर प्रौढांचा हिवाळी क्लब म्हणावे असे दोन संप्रदाय या वाचनालयात पूर्वापार नांदत आहेत, आणि त्यांची नोंद कोणत्याही जाहीरनाम्यात नाही, हे सांगितले पाहिजे. पहिला संप्रदाय दिवाळी अंकांचा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा दिवाळी चार दिवसांत संपते अशी त्यांची समजूत असल्यास ती आमच्या वाचनालयाने केव्हाच खोटी ठरविली आहे, येथे ती फाल्गुनापर्यंत चालते. योजनेची जादा वर्गणी भरून सभासदाने कार्तिकात नाव नोंदवावे, खाकी कागदाचे वेष्टन घातलेला, पाठीवर शाईने क्रमांक टाकलेला अंक घरी न्यावा, आणि तो परत करतेवेळी देवघेवीच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या पुढील इच्छुकास त्यात वाचण्यासारखे काय आहे ते एका वाक्यात सांगावे, ही येथील वहिवाट आहे. समीक्षेचा इतका संक्षिप्त व निर्भीड प्रकार आम्हांस अन्यत्र आढळलेला नाही. “दुसरी कथा सोडा, मुलाखत बरी आहे, विनोद मागच्या सालचेच” एवढ्या शब्दांत तीनशे पानांचा निकाल लागतो. हा निकाल काही सभासद पेन्सिलीने समासातही लिहून ठेवतात. एका कथेच्या अखेरीस “हे कळले नाही” असे एकाने लिहिले, त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात “मलाही” असे उमटले, आणि माघापर्यंत त्या दोन अक्षरांखाली अशी काही रांग लागली, की लेखकाला तितके वाचक अन्य मार्गाने लाभले असतील असे वाटत नाही.

वार्षिक राशिभविष्याची पाने या अंकांतून प्रथम नाहीशी होतात. ज्या अंकांत ती शाबूत राहतात, ते अंक उशिरा नाव नोंदविलेल्या सभासदांच्या हाती पडेपर्यंत भविष्यातील पहिले दोनतीन महिने उलटून गेलेले असतात, आणि त्यामुळे हे सभासद भविष्य श्रद्धेने न वाचता लेखापरीक्षकाच्या दृष्टीने वाचतात. नोव्हेंबरात धनलाभ सांगितला होता तो झाला नाही, डिसेंबरात प्रवास सांगितला होता तो मेहुण्याच्या तेराव्यानिमित्त झाला, अशा खुणा करीत ते पुढे सरकतात. बुद्धिप्रामाण्याचा प्रसार व्हावा म्हणून आपल्याकडे मोठमोठ्या पुरुषांनी जन्म वेचला. त्यांना उशिरा मिळालेल्या दिवाळी अंकाचा हा उपयोग सुचला नाही, याचे वैषम्य वाटते.

दुसरा संप्रदाय मुक्तद्वार विभागात सकाळी भरतो. उतरत्या लाकडी मेजांवर वर्तमानपत्रे लोखंडी पट्टीखाली अडकविलेली असतात, आणि दार उघडण्याच्या आधीच पाचसात कानटोप्या पायरीवर उन्हात उभ्या असतात. यांत निवृत्त अव्वल कारकून आहेत, एस. टी.चे माजी वाहक आहेत, एक शिंपी आहे, आणि घरी सुनेला केर काढण्यास अडचण होऊ नये म्हणून बाहेर पडणारे अनेक सद्गृहस्थ आहेत. कोणाचे कोणते पत्र, कोणी आधी अग्रलेख वाचावा आणि कोणी मृत्यूच्या बातम्या, शब्दकोडे पेनने सोडवावयाचे की पेन्सिलीने, या साऱ्यांविषयीचे नियम अलिखित असून त्यांचा भंग झालेला आम्ही पाहिलेला नाही. एखादे दिवशी एखादी कानटोपी दिसली नाही, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी कोणी तरी तिच्या घरी जाऊन येतो. डॉक्टर रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम प्रसिद्ध केले, त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वाचविण्यास सांगतो; परंतु ज्यांच्यापाशी दुपारी बारापर्यंतचा वेळ कसा घालवावा हाच प्रश्न आहे, अशा वाचकांचे काय करावे, हे शास्त्रात न सांगितल्यामुळे आमचे ग्रंथपाल या माणसांना फक्त बसू देतात.

मंडळाला ही अनागोंदी सहन होईना. गेल्या वर्षी त्यांनी ठराव करून या कानटोप्यांस ‘प्रभात वाचक संघ’ असे नामाभिधान दिले, सुतळीने पेन बांधलेली एक हजेरीवही दाराशी ठेविली, आणि संघाने आपल्यातून एक निमंत्रक निवडावा असे फर्मान काढले. निमंत्रकाच्या जागेसाठी अव्वल कारकून आणि वाहक यांच्यात चुरस लागली, दोन तट पडले, एका तटाने दुसऱ्याच्या वर्तमानपत्राकडे पाहणे सोडले, आणि पंधरवड्याच्या आत हजेरीवहीतील सह्या भरघोस व खुर्च्या रिकाम्या अशी स्थिती झाली; कारण मंडळी येऊन सही करीत व लगोलग समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसत. तपासनीसांच्या भेटीत वही पाहून समाधान व्यक्त करण्यात आले. पुढे सुतळी तुटली, पेन गेले, वही भरली, नवी आणण्याची मंजुरी अडकली, आणि कानटोप्या हळूहळू आपापल्या मेजापाशी परतल्या.

त्यांची मागणी वास्तविक एकच होती, आणि तीही लेखी. मुक्तद्वार विभागाच्या उत्तरेकडील खिडकीचे तावदान मुलांच्या चेंडूने फुटले असून तेथून येणाऱ्या वाऱ्याने पाने उडतात व मान आखडते, तरी ते बसवून मिळावे, असा अर्ज त्यांनी सादर केला होता. मंडळाने तो सहानुभूतीपूर्वक विचारात घेतला. तावदानासाठी तीन दरपत्रके मागविणे प्राप्त होते. गावात काचवाला एकच असल्यामुळे तीन दरपत्रके येईनात. त्यानेच तीन निरनिराळ्या नावांनी ती द्यावीत ही सूचना कोषाध्यक्षांनी तत्त्वनिष्ठेने फेटाळली. आणि विषय तहकूब झाला. व्याख्यानमालेच्या फ्लेक्सला मात्र दरपत्रकाची जरूर नव्हती, कारण तो प्रभागाच्या कार्यसम्राट नगरसेवकांनी सप्रेम भेट दिला होता. त्यावर व्याख्यात्याचे चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढे, अध्यक्षांचे पुरुषभर उंचीचे व नगरसेवकांचे त्याहून मोठे होते. माला संपली त्या रात्री शिपायाने तो उतरविला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणाचीही मंजुरी न घेता, चार चुका ठोकून फुटक्या तावदानावर बसविला.

तेव्हापासून त्या विभागात वारा येत नाही. अध्यक्षांना आपली प्रतिमा खिडकीत पाहून प्रथम क्रोध आला. परंतु ती प्रतिमा वाचकांकडे तोंड करून आहे असे दाखवून दिल्यावर त्यांनी या व्यवस्थेस कायम स्वरूप देण्याविषयी अनुकूलता दर्शविली. वाचकांनी गेल्या आठवड्यात नवा अर्ज दिला असून, त्यात मंडळाच्या हिवाळी उपक्रमांविषयी मनःपूर्वक कृतज्ञता व्यक्त करून, यंदाच्या व्याख्यानमालेचा फ्लेक्स दोन फूट अधिक रुंद करावा, अशी विनंती केली आहे. कारण शेजारच्या खिडकीचे तावदानही आता खिळखिळे झाले आहे.