आठवी फेरी

वर्ध्यात राहून मुष्टियुद्धाची आवड बाळगणं म्हणजे एकादशीच्या दिवशी सावजीच्या दारावरून मुद्दाम सावकाश चालत जाणं. खात कुणी नाही, पण नाकाला कोण आवरणार? एका अंगाला सेवाग्राम, दुसऱ्या अंगाला धाम नदीकाठचं पवनार. अशा गावी माणसाने चरख्यावर बोलावं, नई तालीमवर बोलावं, फार तर गोरसपाकाच्या खुसखुशीतपणावर. जो लुईचा डावा ठोसा हा काही इथला विषय नव्हे. तसा दारूबंदीच्या आमच्या या जिल्ह्यात, पुलगावला, लष्कराचा भलामोठा दारूगोळा डेपो आहे. पण त्याच्याबद्दल आम्ही जरा हळू आवाजात बोलतो.

आमच्या आळीतल्या सर्वोदयी आजोबांचं असंच होतं. अंगात स्वतः कातलेल्या सुताची बंडी, चालताना मुंगी दिसली तर उचललेला पाय तसाच अधांतरी धरून तिला आधी जाऊ देणारे. आणि त्यांच्या ट्रंकेत, भूदानाच्या जुन्या पत्रकांखाली, वर्तमानपत्रांतून कापलेले जगभरचे मुष्टियोद्धे दाटीवाटीने झोपलेले. दुपारी सगळं घर लवंडलं की आजोबा ती ट्रंक उघडत. पिवळ्या कागदांवरचे ते उघडेबंब, घामेजलेले विजेते त्यांच्या खादीच्या मांडीवर असे पसरायचे, जणू कुठल्या दूरच्या लढाईतून पाय ओढत येऊन त्यांनी इथे आश्रय मागितला आहे.

सगळ्यांत लाडकं कात्रण किन्शासाचं. ३० ऑक्टोबर १९७४. समोर जॉर्ज फोरमन, पंचविशीतला, ज्याच्या ठोशाखाली भलेभले दोन फेऱ्याही टिकत नसत. आणि बत्तिशीचा मुहम्मद अली रिंगच्या दोरांना पाठ टेकून, हातांचा आडोसा करून, नुसता मार घेत उभा. एक फेरी, दोन फेऱ्या, पाच फेऱ्या. मारणाराच दमत चाललेला. इथे आजोबांच्या आवाजाला धार यायची. “पाय बाबू, सात फेऱ्या मार खाल्ला, पन जागा सोडली नाई. हा आपलाच मानूस होय!” सत्याग्रहाचं इतकं चोख प्रात्यक्षिक आफ्रिकेत घडावं आणि वर्ध्यात कुणी त्याची दखल घेऊ नये, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. आठव्या फेरीत अलीने त्याच फोरमनला ठोसे लगावून आडवं केलं. आठव्या फेरीबद्दल आजोबा बोलत नसत. कात्रण तिथे घडी पडून जरा फाटलंही होतं. आपोआप की कसं, ते मी कधी विचारलं नाही.

पण अलीला आपला म्हणण्याचा हक्क त्यांना होताच. १७ ऑक्टोबर १९४० ला पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाचं पहिलं भाषण केलं. या युद्धाला माणूस देणार नाही आणि पैसाही देणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. चार दिवसांत अटक झाली. पुढे २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनच्या सैन्यभरती केंद्रात नाव पुकारल्यावर अलीला फक्त एक पाऊल पुढे टाकायचं होतं. अख्ख्या मुष्टियुद्धाला ज्या पायांनी नाचवलं, ते पाय त्या दिवशी जागचे हलले नाहीत. विजेतेपद गेलं, पाच वर्षांची शिक्षा झाली, ऐन उमेदीतली साडेतीन वर्षं रिंगबाहेर गेली. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. खरं सांगायचं तर मला किन्शासाच्या अलीपेक्षा हा न हललेला अली मोठा वाटतो.

ट्रंकेत लुई आणि माक्स श्मेलिंगही एकाच कागदावर होते. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले आणि त्याच जूनमध्ये न्यूयॉर्कला श्मेलिंगने लुईला बाराव्या फेरीत पाडलं. दोन वर्षांनी लुईने दोन मिनिटं चार सेकंदांत उसनं फेडलं. हिटलरने मिरवलेला हा जर्मन पुढे त्याच वर्षी, ज्यूंवर हल्ले सुरू असताना, एका ज्यू मित्राच्या दोन मुलांना आपल्या हॉटेलच्या खोलीत लपवून ठेवून बसला होता. जुलै १९३९ मध्ये हिटलरला ‘मित्र’ म्हणून लिहिलेलं गांधीजींचं पत्र वर्ध्याहूनच निघालं. सरकारने ते पोहोचू दिलं नाही. श्मेलिंगने मात्र निरोपाची वाट न पाहता जमेल तेवढं काम करून टाकलं होतं. आणि कराच्या देण्याने पिचलेला लुई १९८१ साली गेला, तेव्हा त्याच्या अंत्यसंस्काराच्या खर्चालाही यानेच हातभार लावला.

आजोबांच्या ट्रंकेत एक मराठी माणूस नव्हता, याची रुखरुख मला आता लागते. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या शिरल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं आणि रिंग सुटली. मग ठोशांसाठी घडवलेल्या त्याच हातांनी ते पाणी कापायला शिकले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी देशाला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक आणून दिलं. पद्मश्री मिळाली २०१८ साली. इतका वेळ कुठल्याही रिंगमधला पंच कुणाला देत नाही. तो दहापर्यंत मोजतो आणि मोकळा होतो.